रात्रीचा दर

लुक्का गावात माझं कुलपांचं दुकान.
बापाचं होतं, त्याआधी त्याच्या मामाचं,
आणि तेव्हापासून या धंद्यात आम्हाला एकच प्रतिस्पर्धी:
संत झिता.
हरवलेल्या किल्ल्या शोधून देते म्हणतात.
तेही फुकट.

सान फ्रेदियानोच्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत निजलीय ती,
हाडांवर सुकलेलं चामडं,
साडेसातशे वर्षं झाली तरी
आत्ताच भांडी घासून पडल्यासारखी.
बाराव्या वर्षी मोलकरीण म्हणून एका घरात शिरली,
म्हातारी होऊन त्याच घरात मेली.
तिची गोष्ट इथं पोराटोरांना पाठ:
घरातले पाव ओच्यात बांधून भुकेल्यांकडे निघाली,
मालकानं वाटेत अडवलं, काय गं त्यात?
फुलं, म्हणाली.
ओचा सोडला, तर फुलंच पडली.

माझा नाही विश्वास.
चाळीस वर्षं लोखंडाशी घासतोय,
एका वस्तूची दुसरी होत नाही
कानशीखाली आल्याशिवाय.

जानेवारीत एकदा रात्री पावणेदोनला फोन वाजला.
मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये एक बाई,
दार ओढलं गेलं, किल्ली आत,
आत सिन्योर आत्तिलियो, वय एक्याण्णव,
कानातलं यंत्र काढून झोपलेले.
गेलो. जिन्यात ती उभी,
अंगात घरातला स्वेटर, पायात सपाता,
सपातांना तटावरचा ओला चिखल.
हातात रिकामा थर्मास.
नाव विओरिका. मोल्दोवाची.
मी काही विचारलं नव्हतं, तरी सांगू लागली:
तटाच्या कमानीखाली एकजण झोपतो,
खोकतो फार, सूप उरलं होतं,
फेकायचंच होतं, शपथेवर सांगते, फेकायचंच होतं.

चार मिनिटांत दार उघडलं.
रात्रीचा दर एकशे वीस युरो.
तिनं पाकीट काढलं, नोटा दोनदा मोजल्या,
तिसऱ्यांदा मोजायला लागली तेव्हा
मी म्हटलं, उद्या बघू,
आणि हत्यारं गोळा केली.
(सरळ नको म्हणायला जीभ वळत नव्हती.
धंद्याची सवय.)

उद्या आली ती म्हाताऱ्याची मुलगी.
सिन्योरा लोरेल्ला, हातमोजे न काढता काउंटरवर टेकून.
शेजारणीनं पाहिलं म्हणे.
रात्री दोन वाजता माझ्या वडिलांना एकटं टाकून
ती बाहेर काय करत होती?
तुम्ही तर होतात तिथं.

आता ते कुलूप मीच बसवलेलं.
पंधरा वर्षांपूर्वी, पितळी, तीन खिट्ट्यांचं,
त्या जिन्यातलं सगळ्यात चांगलं काम माझं.
आजवर कुरकूर नाही.
पाहुण्यांना दाखवावं असं कुलूप.

मी म्हणालो:
कुलपाचा दोष आहे.
स्प्रिंग ढिली झाली होती, आपोआप लागतं.
बाई कचरा ठेवायला चौकटीबाहेर आली असेल,
मागं खटकन लागलं.
माझीच चूक. पैसे नकोत.

ती माझ्याकडे बघत राहिली,
मालकिणी बघतात तशी,
ओच्यात काय आहे ते.
मी वाट पाहत होतो, खरंच,
की काउंटरवर काहीतरी बदलेल.
काही बदललं नाही.
कानस कानसच राहिली, खोटं खोटंच.
फक्त ती हातमोज्यांसकट वळली आणि गेली.

एप्रिलात झिताच्या सणाला चौकात फुलांचा बाजार भरतो.
विओरिका दिसली, म्हाताऱ्याची चाकाची खुर्ची ढकलत,
त्याच्या मांडीवर जिरेनियमची कुंडी.
माझ्याकडे पाहून हसली नाही.
बरं झालं. मलाही तोंड कुठं ठेवावं कळलं नसतं.

परवा नवीन गिऱ्हाईक आलं,
दारातूनच म्हणालं,
तुमची कुलपं आपोआप लागतात म्हणे?
मी कानशीवरची पूड फुंकली.
लागतात, म्हटलं,
कधीकधी.